हिरव्या अस्तराचं हेल्मेट

त्या दिवशी देवगाव फाट्यावर माझ्या दुकानापुढं पाच माणसं होती. बोरीची शीतल, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं. तिची माय कौसाबाई. पिंगळीहून आलेला तिचा मामा मारोती. माझ्या बाजूचा पंचरवाला हमीदभाई. आन् मी, गयाबाई. मामाचं मेंढरामागचं कुत्रं बी टेम्पोत बसून आलं होतं, पन त्याला साक्षीला धरता येत न्हाई. मधी पाटावर एक हेल्मेट ठेवलेलं, त्याला कुंकू लावलेलं.

मी चौथी शिकले. लिहायला बसले की हात अवघडतो, म्हणून मी बोलत गेले आन् नातसुनंनं उतरून घेतलं. तिला म्हणलं, माझं बोलणं सुधरू नको, लोक मला वळखायचे न्हाईत.

आधी माझा धंदा सांगते. मालक गेले तवा पदरात दोन लेकरं आन् एक शिलाई मशीन. मशीनवर टोप्या शिवायचे. लग्नात, दहाव्याला, माणसाला टावेल-टोपीचा आहेर करतात, तसल्या पांढऱ्या टोप्या. गठ्ठ्यानं जायच्या. आहेराच्या टोपीला माप कुणी इचारत न्हाई. डोक्यावर ठेवायची, फोटो काढायचा, खिशात घालायची. पन रोज टोपी घालणारं म्हातारं गिऱ्हाईक आलं की माप घ्यावं लागायचं. तिथं मी डोकी शिकले. फितीनं दोन माणसं बावीस इंच भरतात, तरी एकाचं डोकं गरगरीत असतंय, एकाचं पुढून मागं लांबट. कापडाची टोपी दोघालाबी बसती. कापड ऐकून घेतं.

हळूहळू टोप्या घालणारी माणसं कमी झाली. आहेरात लोक नुसता टावेल द्यायले. मी बेजार झाले. दोन वर्सं कापूस येचायला गेले, पाठ धरली, तरी जायचे. एक दिवस रस्त्याच्या कडंला हेल्मेट इकणारा एक परमुलखातला माणूस आला. त्याच्या दहा-बारा हेल्मेटाची आतली अस्तरं उंदरानं खाल्ली होती. म्हणला, अम्मा, सी देव. मी शिवून दिली. घामट वास जायला रिठ्यात धुवून दिली. त्यानं पैशाच्या बदली दोन हेल्मेटं दिली. ती मी लिंबाच्या फांदीला टांगली. माझं दुकान ते असं सुरू झालं.

गिऱ्हाईकं काय एकेक. पोलीस धरायले की गर्दी, पोलीस गेले की दुसऱ्या दिवशी परत करायला गर्दी. एक आजोबा फेट्यावर बसंल असं हेल्मेट मागायचे. मी म्हणायचे, आजोबा, फेटा काढा. ते म्हणायचे, फेटा मयतीतच काढतो. एका दूधवाल्यानं हेल्मेट नेलं, आन् आठ दिवसानं बघते तर त्यात कोंबडीची अंडी घेऊन चाललेला. मी हटकलं. म्हणला, माझं डोकं फुटलं तर दवाखाना हाय, अंडी फुटली तर बायको हाय.

आता शीतल. तिचं घर मेंढरवाल्याचं. बाप ती लहान असतानाच गेला. शेळ्या-मेंढ्या, थोडं रान, बाकी रोजंदारी. मामाची जुनी मोटारसायकल ती शाळंत असताना पळवायची. तवा तिचं पयलं हेल्मेट मीच नीट करून दिलं होतं, दुसऱ्याचं जुनं, नवं अस्तर घालून. पुढं ती पुण्याला गाड्याच्या कारखान्यात लागली आन् तिथं तिला शर्यतीचा नाद लागला. रस्त्यावरची न्हाई. त्याला वेगळी बांधलेली वाट असती, डांबराची, फिरून तिथंच येणारी. समोरून कुणी येत न्हाई, ढोरं आडवी येत न्हाईत. पन वळणावर गाडी एवढी आडवी होती की गुडघा जमिनीला घासतो. ती वाट दक्षिणंत, तमिळ मुलखात. तिथं शर्यतीला तिचं नाव लागलं होतं. पंधरा दिवस राहिले होते. आन् चांगलं हेल्मेट असल्याबगर तिथं गाडी उतरवू देत न्हाईत. माणूस उभा असतो, तो हातात घेऊन उलटंपालटं करून बघतो, तवा सोडतो.

तिच्या मामानं सांगितलं, हेल्मेट माझ्याकडून. भाचीच्या लग्नात मामाचा आहेर असतोय, पन ही पोरगी एवढ्यात लगीन करीना, तर हाच माझा आहेर. त्यानं जपलेले दोन मेंढे इकले. दोन वर्सामागं मामी वारली, तवापासून तो माणसात येत न्हवता. ह्या आहेरानं त्याला घराभाहेर काढलं.

शीतलनं पुण्याच्या वळखीच्या दुकानातून दोन हेल्मेटं आणली, लेबल काढायचं न्हाई आन् एक परत द्यायचं ह्या बोलीवर. एवढी महाग हेल्मेटं मी उभ्या जन्मात हातात धरली न्हवती. एका हेल्मेटाच्या मोलात हमीदभाईची गाडी आली असती, आन् हमीदभाईनं ते दोनदा बोलून दाखवलं. ती म्हणली, "मावशी, दुकानवाला म्हणतो दोनी भारी. तुमी माझं डोकं जाणता. कोणतं घेऊ ते तुमी सांगा."

एक होतं पांढरंशुभ्र, वर लाल-निळी चित्रं, उचललं तर पाखरावानी हलकं. दुसरं राखाडी, भांड्यावानी साधं. पोरीचा जीव पांढऱ्यावर. नंबर दोन्हीचा एकच.

मी पांढरं घालायला लावलं आन् जवारी निवडायला बसवलं. हेल्मेट घालून. हमीदभाई हसून बेजार. पन पाच मिनिटाचं माप खोटं असतंय. अर्ध्या घंट्यानं काढलं तर कपाळावर मधोमध लाल डाग, आन् कानाच्या वर दोन्हीकडं बोट जाईल एवढी जागा. तिचं डोकं तिच्या बापावर गेलेलं, पुढून मागं लांबट. हेल्मेट गरगरीत डोक्याचं. ती म्हणली, चालंल मावशी, सवय हुईल. मी म्हणलं, आतल्या थर्माकोलला कसली सवय? ते काय कापड हाय व्हय? आन् तिथं वळणावर तुझं ध्यान कपाळाकडं जाईल का वाटंकडं?

मग राखाडी. ते घालतानाच तिनं तोंड वाकडं केलं, लय घट्ट. घालताना घट्टच पाहिजे. गाल असे वर आले की बोलताना दातात यायले. मी दोन हातानं हेल्मेट धरलं आन् डावीउजवीकडं हलवलं. गालाची, कपाळाची कातडी संगं फिरली. ते खरं माप. कातडी जागंवर राहून हेल्मेट एकटं फिरलं तर ते मोठं. मग पट्टा. ह्या हेल्मेटाला खटका न्हवता, दोन कड्या होत्या, एकीतून घालून दुसरीतून मागं वढायचं. वढलं की सुटत न्हाई. पट्टा लावून मी मागून, मानंकडून, हेल्मेट पुढं ढकललं. जोर लावला. ते आलं न्हाई. पडताना हेल्मेट असंच मागून निघून जातं, लोकाला माहीत नसतं.

त्यावर बी माझं समाधान झालं न्हाई. म्हणलं, तू गाडीवर कशी बसतीस ते दाखव. ती म्हणली, बसत न्हाई मावशी, झोपते, पोट टाकीला लावून. तवा मी जवारीचं पोतं आडवं केलं आन् म्हणलं, झोप. ती पोत्यावर पालथी पडली, हनुवटी टेकवून समोर बघायली. पांढऱ्यात तिला वरची कड डोळ्याआड यायची, रस्ता बघायला मान मोडावी लागायची. राखाडीत सगळं दिसायलं. तिचा आंबाडा मधी यायला, तो सोडून मी खाली मानंपाशी सैल वेणी घातली, एकबी पिन न लावता. गालाच्या गाद्याला लाल फिती होत्या, त्या वढल्या की गाद्या भाहेर येतात, म्हणजे माणूस पडला तर मानंला हिसका न देता दुसऱ्याला हेल्मेट काढता येतं. ते मी कौसाबाईला करून दाखवलं. ती म्हणली, हे मला कामून दाखवायल्या? मी गाद्या परत आत बसवल्या.

राखाडी ठरलं. पोरगी रंगावरून रुसली, पन पांढरं लेबलासकट परत गेलं. मला लय बरं वाटलं. टोप्या शिवून शिकलेलं एवढ्या मोठ्या कामाला आलं, असं वाटलं.

चार दिवसानं मामा आला. धोतर धुतलेलं, खांद्यावर नवी घोंगडी. पूजा माझ्याच दुकानापुढं करायची म्हणला, कारण हेल्मेट इथं ठरलं. पाट मांडला, कुंकू, फुलं, कापूर. भाचीला त्यानं ववाळलं. आपल्यात नव्या गाडीपुढं नारळ फोडतात तसा फोडायचा होता. दगड बाजूलाच ठेवला होता. तेवढ्यात हमीदभाई चहा घेऊन आला आन् गमतीनं म्हणला, "मामू, इतका महाग हाय, मजबूत तरी हाय का?"

मामा हसला. दोन वर्सात तो हसलेला कौसाबाईनं बघितला न्हवता. आन् त्या हसण्याच्या भरात त्यानं नारळ उचलला आन् हेल्मेटावर हाणला. पयल्यांदा फुटला न्हाई. दुसऱ्यांदा फुटला. पाणी पाटावर सांडलं. हेल्मेटाला चरासुदिक गेला न्हाई. मामा म्हणला, "बघा. नारळ गेला, हेल्मेट हाय तसं. माझ्या पोरीच्या डोक्याला कोण हात लावतो?"

कौसाबाईनं टाळ्या वाजवल्या, हमीदभाईनं वाजवल्या. मी शीतलकडं बघितलं. ती दस्तीनं हेल्मेट पुसायली होती, हळूहळू, गरजंपेक्षा जास्ती.

परक्या माणसाला हे कळायचं न्हाई म्हणून सांगते. हेल्मेटाचं वरचं टणक कवच डोकं वाचवत न्हाई. आतला थर्माकोल वाचवतो. मार बसला की तो आपण दबतो आन् मार खाऊन घेतो. एकदा दबला की परत फुगत न्हाई. तीच जागा दुसऱ्यांदा आपटली तर तिथं काहीच नसतं. आन् दबला का न्हाई हे भाहेरून दिसत न्हाई. नारळानं दबतो का? दबत नसंल बी. ठामपणानं कुणी सांगावं.

दुकानामागं माझ्याच घरात जेवणं झाली. शीतल पाणी प्यायच्या निमतानं आत आली, माठापाशी उभी राहिली.

"मावशी, बोलू नका," ती म्हणली.

"तुला कळलंय ना?"

"कळलंय. पन मामा दोन वर्सानं हसला. आन् दुकानवाला आता कुंकवाचं हेल्मेट परत घेणार न्हाई. शर्यत अकरा दिवसावर आली. तिथल्या माणसाला वरून काय दिसायचं न्हाई. मी पडतच न्हाई, मग काय?"

मी भांडी घासायला बसले. आन् मला माझं जुनं आठवलं, जे मी आजवर पोटच्या पोरालाबी सांगितलं न्हवतं.

लय वर्सं झाली. दुकान नवं होतं. मी काठीनं वरच्या तारंवरचं हेल्मेट काढायले होते, ते निसटलं आन् खालच्या सिमिटाच्या कडंवर डोक्याकडून आपटलं. काळं हेल्मेट, बाजूनं लाल पट्टी. आत मी माझ्या हातानं अस्तर घातलेलं, हिरवं, फुलाफुलाचं, माझ्या फाटलेल्या लुगड्याचं. उचलून बघितलं, भाहेर एक ओरखडा न्हाई. पुसून परत टांगलं. तासाभरानं एक माणूस निळ्या मोटारसायकलवर आला. मागं स्टीलची कॅन बांधलेली. कपाळावर जुन्या जखमेची खूण, म्हणून हेल्मेट घे म्हणून बायकोनं धाडलेला. त्याला तेच बसलं. बरोबर बसलं. त्यानं आतलं अस्तर बघून इचारलं, हे तुमी शिवलं का? मी म्हणलं, हो. म्हणला, लय मऊ हाय बाई. आन् घालून मंठ्याच्या वाटंनं गेला.

तो वळणावर दिसंनासा होईस्तोवर मला हाक मारता आली असती. घरात पीठ न्हवतं, हे खरं हाय. पन पीठ नसलं तरी हाक मारता येती. त्याचं काय झालं मला मालूम न्हाई. काही झालंबी नसंल. पन पुढं कुठं गाडी पडल्याचं कानावर आलं की मी इचारायचे, गाडीचा रंग कोणता होता?

हात धुतले आन् भाहेर आले. मामा लिंबाखाली घोंगडी टाकून पडला होता. माझ्याकडं गाडीवरून पडलेल्या एका माणसाचं हेल्मेट होतं, त्याच्या घरच्यानी नको म्हणून टाकून दिलेलं. ते मी मामापुढं ठेवलं. म्हणलं, दादा, ह्याला कुठं मार बसलाय सांगा. त्यानं फिरवून फिरवून बघितलं. म्हणला, कुठंच न्हाई, रंग थोडा गेलाय. मी अस्तर काढलं, त्याचं बोट धरून आत लावलं. तिथं अंगठा मावंल एवढा खड्डा.

तो बोट तसंच ठेवून बसला. मग म्हणला, "मेंढराचं बी असंच असतंय. टकरीत बरगडी आत मोडती. वरनं लोकर हाय तशी, चरतंय, फिरतंय. तिसऱ्या दिशी मरून पडतं."

"व्हय," मी म्हणलं.

"माझ्या नारळानं?"

"झालं असंल, नसंल. मला सांगता येत न्हाई. पन मी गप बसणार न्हाई, दादा. एकदा बसले होते."

शीतल दारात आली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी तिचं घर जाळलं. म्हणली, मामा, मावशी लय भितात, मी हेच घालणार हाय. मामा उठला. भाचीवर आवाज चढवला न्हाई. हमीदभाईकडून लोखंड कापायची आरी आणली आन् हेल्मेट पायात धरून म्हणला, "गयाबाई, कुठून कापू?"

पोरगी रडायली. कौसाबाईला काहीच उमजंना, ती आरी धरायली. मामा म्हणला, "आहेर दिलाय म्हणून पोरीनं जीव द्यावा का? सोड." पन ते कवच काय लवकर कापतं व्हय. घंटाभर लागला. आळीपाळीनं मामा आन् हमीदभाई. घाम पुसत हमीदभाई म्हणायला, मीच बोललो, माझीच जीभ. शेवटी दोन फाका झाल्या.

आम्ही पाची जण डोकी लावून बघायलो. नारळ बसला त्या जागंवर थर्माकोलात एक बारीक रेघ होती, केसाएवढी. ती नारळाची का आरीची, कुणाला सांगता येईना. मी बोट फिरवलं, मामानं फिरवलं. शीतल म्हणली आरीची हाय. मामा म्हणला नारळाची. आजबी दोघं त्याच्यावर भांडतात.

शीतल म्हणली, "म्हणजे चाललं असतं, मावशी."

मी म्हणलं, "असंल. पन कापल्याबगर कळत न्हवतं, आन् कापल्यावर घालता येत न्हाई."

त्या शर्यतीला ती गेली न्हाई. माझ्याशी दोन महिने बोलली न्हाई. तेबी मी सोसलं. पुढं तिनं आपल्या पगारातून तेच हेल्मेट घेतलं, त्याच नंबराचं, तसंच राखाडी. फोटो धाडला. मामानं व्हिडिओवरून पूजा सांगितली: हेल्मेट घरात ठेव, दार लाव, नारळ भाहेर जाऊन दगडावर फोड. तिनं तसंच केलं. मग ती तिकडं जाऊन पळली. पयली आली का म्हणून गाव इचारायलं. न्हाई, सातवी आली. पन सगळीच्या सगळी आली. दिवाळीला येऊन माझ्या पाया पडली आन् म्हणली, जवारीचं पोतं कुठाय, नवी मैत्रीण आणलीय, हिचं डोकं बघा.

कापलेल्या हेल्मेटाची एक फाक माझ्या दुकानात तारंला टांगलीय. आत काय असतंय ते गिऱ्हाईकाला दाखवायला बरं पडतं. दुसरी मामानं पिंगळीला नेली. त्यात तो मेंढराला मीठ ठेवतो.

आता माझी नजर कमी झालीय. सुईत दोरा नातसून ववून देती. पन डोक्याला हात लावला की माप अजून कळतं. ह्या अंकासाठी काही सांगा म्हणल्यावर मी आधी नको म्हणलं होतं. मग वाटलं, दिवाळीचा अंक गावोगाव जातो, दवाखान्यात पडून राहतो, न्हाव्याच्या दुकानात राहतो, कुणीबी वाचतो. म्हणून सांगितलं.

तर वाचणाऱ्याला एवढंच मागणं हाय. लय वर्सांमागं देवगाव फाट्यावर लिंबाखाली एका बाईकडून तुमी, न्हाईतर तुमच्या घरच्या कुणी, काळं हेल्मेट घेतलं असंल, बाजूनं लाल पट्टी आन् आत हिरव्या फुलाचं अस्तर, तर ते घालू नका. ते माझ्या हातून पडलेलं हाय. घेऊन या. दुसरं घेऊन जा, मी पैसे घेणार न्हाई. आन् घेणारा माणूस आता नसला, तरी या. मला तेवढं सांगून जा.